बाराशेच्या आत

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी लिपिक होतो. १९७९ साली लागलो, २०१५ साली निवृत्त झालो. यातली बहुतेक वर्षं माझ्याकडे शिष्यवृत्तीचं टेबल होतं. ईबीसी, पीटीसी, एसटीसी, जीओआय, फ्रीशिप, आणि पुढे एनएमएमएस. अकरावी-बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाप टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शिकत ठेवण्यासाठी सरकारनं गरिबाला काय दिलं, याचा हिशोब आता बरेच जण मांडतात. मला मांडायचा आहे तो वेगळा हिशोब आहे. ते घेण्यासाठी गरिबाला काय सिद्ध करावं लागलं, कोणासमोर, कोणत्या महिन्यात, हा त्याचा विषय. आमच्या जिल्ह्यात मदत अडली ती बहुतेक वेळा इथेच.

सुरुवात निजामाच्या राज्यापासून करावी लागेल. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. हायस्कुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. खेड्यातलं पोर शिकायचं तर परभणी किंवा सेलू गाठायचं, नातलगाच्या ओसरीत पथारी टाकायची आणि जेवणाला वार लावायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. दाखला कोणी मागत नसे. पण वार कोणाच्या पोराला मिळे? ज्याचं पान त्या घराच्या ओसरीवर मांडता येई त्याला. महारा-मांगाच्या, वंजाऱ्याच्या, तांड्यावरच्या लेकराला ते दार बंदच होतं. जुनी माणसं त्या काळच्या दिलदारीच्या गोष्टी सांगतात आणि त्या खऱ्याही आहेत, पण त्या दिलदारीला जातीची चौकट होती, हेही त्याच तोंडानं सांगायला हवं.

ती चौकट पहिल्यांदा मोडली दिल्लीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारपुढे ठेवलं आणि शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४-४५पासून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी दरसाल तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून हक्कानं मिळणारी ही रक्कम. पुढे ती आदिवासींना आणि इतर मागासांनाही लागू झाली. आमच्या टेबलावर जिला सगळे 'जीओआय' म्हणत, भारत सरकार शिष्यवृत्ती, ती हीच. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा परभणीकडची मुलं पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात जाऊ लागली. आमच्या भागातल्या पहिल्या पिढीच्या कितीतरी दलित शिक्षक-वकिलांचं शिक्षण या रकमेवर झालं आहे. फी सरकार भरे, आणि वर निर्वाह भत्ता. घरून महिन्याला दहा रुपये येण्याची शक्यता नसलेल्या मुलाला हा निर्वाह भत्ता म्हणजे वसतिगृहातली रोजची भाकरी होती.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५९मध्ये त्या राज्यानं आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठी फीमाफी सुरू केली. महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ती बाराशे रुपयांच्या मर्यादेनं राज्यभर रुजली. पालकाचं वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर मुलाची फी माफ. ईबीसी म्हणतात ती सवलत हीच. महिन्याला शंभर रुपये म्हणजे त्या वेळी आमच्याकडचे जवळपास सगळेच आत. सालगडी आत, चार-सहा एकर जिरायतवाला कुणबी आत, शिंपी, न्हावी, मोमीन, सगळे आत. प्राथमिक शिक्षकाचा पगार असतो म्हणून त्याच्या मुलांसाठी वेगळी पीटीसी, माध्यमिकवाल्यांसाठी एसटीसी.

या निर्णयाचं मोठेपण मला आजही कमी वाटत नाही. जात न विचारता नुसतं उत्पन्न विचारून सरकारनं पोराला वर्गात बसवणं, ही आमच्या बापजाद्यांनी न पाहिलेली गोष्ट होती. माझं शिक्षण तिच्यावर झालं. त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे ते या सवलतीच्या विरोधात कोणी वाचू नये.

पण 'उत्पन्न' विचारायचं कोणाला? पगारदाराला विचारता येतं. त्याच्याकडे पगारपत्रक असतं. परभणी जिल्हा पगारदारांचा नव्हता. काळी जमीन, ज्वारी, कापूस, पावसाच्या भरवशाचं शेत आणि त्या शेतात राबणारी मजुरी. बलुतेदाराला सुगीला धान्य मिळे. सालगड्याला सालाचे ठरलेले रुपये, वर पायली-दोन पायली ज्वारी, एक धोतरजोडी. यातलं रुपयांत काय लिहायचं? माझे वडील म्हणत, "आमचं उत्पन्न म्हणजे खळ्यावर दिसतंय तेवढं, अन् ते बी वाणी उचलून नेतोय." वाण्याकडे गेलेलं धान्य धरायचं की सोडायचं? आणि त्याचा दाखला द्यायचा तलाठ्यानं, ज्याच्याकडे जमिनीचा कागद आहे, माणसाचा नाही.

आमच्या घराचं उत्पन्न पहिल्यांदा कागदावर आलं ते १९७२च्या दुष्काळात. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात आमची चार एकर माळजमीन, तिच्यात त्या साली कणही आला नाही. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मस्टर होतं. रोज हजेरी, आठवड्याला मजुरी, अंगठ्यासमोर रक्कम. आयुष्यात एवढा एकच काळ असा, जेव्हा वडिलांनी किती कमावलं हे सरकारला आणि आम्हाला दोघांनाही नक्की माहीत होतं. मी तेव्हा हायस्कुलात होतो. ईबीसीच्या फॉर्मसोबत लागणारा दाखला त्या वर्षी तलाठ्यानं बसल्या जागी लिहून दिला, कारण मस्टर त्याच्या डोळ्यांसमोरचं होतं. शेत पिकलं त्या वर्षी मात्र दाखल्यासाठी वडिलांना तीन-तीन आठवडे बाजारच्या दिवशी सज्जावर जावं लागे. दुष्काळात आम्ही गरीब असल्याचं सोपेपणानं सिद्ध होई, सुकाळात नाही.

कालवे आले तशी आणखी एक गुंतागुंत आली. पूर्णेवर येलदरी, गोदावरीवर जायकवाडी. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणीच्या बाजूला आला आणि लाभक्षेत्रातल्या सातबाऱ्यांवर बागायत नोंदी होऊ लागल्या. वरच्या अंगाला ऊस उभा राहिला हे खरंच आहे. पण शेवटाकडच्या, टेलच्या शेतकऱ्याकडे पाणी पोचायचं एखाद्या आवर्तनाला, नाहीतर पोचायचंच नाही. कागद मात्र दोघांचा सारखा. टेलच्या गावचा बाप टेबलासमोर उभा राही, "सायेब, कालवा हाय, पाणी नाय," आणि त्याच्या हातातल्या उताऱ्यावरून त्याचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलेलं असे. त्याच गावात ज्याच्या नावावर जमीन नाही पण आडतीवर बसतो, त्याच्या पोराचा फॉर्म बिनबोभाट मंजूर होई. मोजायचं माप जमिनीचं होतं, म्हणून जमिनीवाला गरीब सापडला आणि बिनजमिनीचा श्रीमंत सुटला.

मर्यादा वाढत गेली. बाराशेची पुढे काही हजार झाली, मग पंधरा हजार, मग लाख. २०१६मध्ये वरच्या व्यावसायिक शिक्षणासाठी ती सहा लाखांवर नेली, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ती योजना नव्यानं मांडली गेली आणि पुढे मर्यादा आठ लाख झाली. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. कपाटातल्या जुन्या फायली पाहिल्या तर दर काळात एका गावच्या सगळ्या दाखल्यांवर जवळजवळ एकच आकडा दिसतो. तो आकडा त्या घराचा नसतो. तो मर्यादेच्या आत कुठेतरी सोयीनं बसवलेला असतो. सालगड्याचाही तोच, पाच एकरवाल्याचाही तोच. मला यात तलाठ्याची लबाडी दिसत नाही. मोजता न येणारी गोष्ट मोजून द्यायला सांगितली की माणूस असंच करतो. पण याचा एक परिणाम झाला. सगळे सारखेच गरीब ठरले म्हणून फॉर्म मंजूर होण्यात खऱ्या गरजेला काही वजन राहिलं नाही. वजन आलं ते दाखला वेळेवर आणण्याला. ज्याचा काका तहसीलमध्ये, त्याचा दाखला जूनमध्ये. ज्याचं कोणी नाही, त्याचा मुदत संपल्यावर.

जीओआयच्या मुलांना आणखी एक गोष्ट सोसावी लागे, आणि ती कागदावर कुठेच नाही. 'सरकारचे जावई' हा शब्द मी स्टाफरूममध्ये ऐकला आहे, खिडकीतल्या रांगेत ऐकला आहे. ईबीसी घेणाऱ्याला तो कोणी म्हणत नसे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. पुढच्या वर्षी मी नोकरीला लागलो, तेव्हा डुप्लिकेट टीसी आणि गुणपत्रिका मागायला येणाऱ्यांत ज्यांची घरं जळाली होती अशी मुलं होती. घरासोबत जातीचा दाखला जळतो, शाळेचा कागद जळतो आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म ते कागद मागतो. अशा एका मुलाला एका साक्षांकित प्रतीसाठी तालुक्याला किती खेटे पडले ते मी पाहिलं आहे. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तोवर त्यातली शिकणारी शिकली होती आणि सुटलेली कायमची सुटली होती.

फी माफ होणं आणि मूल शिकत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारला हळूहळू कळत गेलं. अकरावीतल्या मुलाची फी तशी मोठी नसते. मोठं असतं ते त्याचं रोजगार न करणं. पंधरा वर्षांच्या पोराला कापूस वेचायला, हमालीला, वीटभट्टीवर रोज मिळतो. घरानं तो सोडायचा, वर खोलीभाडं आणि मेसचे पैसे द्यायचे. मुलीच्या बाबतीत बसचं तिकीट आणि भीती. त्यामुळे मला सगळ्यात परिणामकारक वाटलेल्या योजना फीच्या नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेचा दहावीपर्यंतचा एसटीचा मोफत पास आला, तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांवरून मुली उतरू लागल्या. पुढे मानव विकास कार्यक्रमातून निळ्या बसगाड्या आणि आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. यात आईबापाला वर्षभर कागदांमागे धावावं लागत नाही. शाळा यादी देते आणि मुलगी बसमध्ये चढते.

पासाचं मोल काय असतं हे २०१५ साली सगळ्या राज्याला कळलं. त्या वर्षीच्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या अकरावी-बारावीच्या वयातल्या एका मुलीनं बसच्या पासाला घरात पैसे नाहीत म्हणून जीव दिला. त्यानंतर मराठवाड्यातल्या दुष्काळग्रस्त भागातल्या विद्यार्थ्यांना एसटीनं मोफत पास जाहीर केले. पिकांची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावांतल्या मुलांची परीक्षा फी माफ झाली. पैसेवारीचा हा मार्ग मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. तिथे एकेका बापाला मोजत नाहीत, गावाला मोजतात. गाव दुष्काळात आहे म्हणजे त्या गावातलं प्रत्येक लेकरू मदतीला पात्र. त्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आता उसाच्या फडाकडे येतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी, जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यातली आणि तांड्यांवरची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, लहान लेकरं, आणि पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात कारखान्याच्या अड्ड्यावर कोपी. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये.

आमच्याकडे अकरावीचे प्रवेश जून ते ऑगस्ट. शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यानंतर सुरू होतात आणि मुदतवाढ होत-होत डिसेंबर-जानेवारीपर्यंत जातात. म्हणजे ज्या महिन्यांत बापाची सही, बापाचं आधार, बापाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, नेमक्या त्या महिन्यांत बाप फडावर असतो. गावात म्हातारी आजी आणि ते पोर. मी अशा पोरांना विचारायचो, "बाबा कवा येणार?" उत्तर ठरलेलं, "पट्टा पडल्यावर." कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, आमची मुदत संपलेली असायची.

आणि त्यांचं उत्पन्न कोणतं? मुकादमाकडून उचल घेतात. एका कोयत्याला उन्हाळ्यात लाखभर रुपये एकरकमी हातात येतात. त्यातून मागचं देणं, पोरीचं लग्न, घराचे पत्रे भागतात. मग हिवाळाभर ऊस तोडून ती उचल फेडायची. फिटली नाही तर पुढच्या साली तेच मुकादमाचं घर. हे लाख रुपये उत्पन्न की कर्ज? तलाठी ते धरत नाही, कारण ते कुठल्याच कागदावर नाही. अशा घराचा दाखला 'मजुरी' म्हणून नेहमीचा आकडा घालून निघतो. पण मुदलात ते घर देण्यात बुडालेलं आहे, हे त्या दाखल्यावर कुठे दिसत नाही. उत्पन्नाची मर्यादा कितीही वाढवली तरी कर्जाचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. माझ्या सगळ्या नोकरीत तो मी पाहिला नाही आणि आजही दिसत नाही.

मुलींचं तर याहून कठीण. एक कोयता पुरा व्हायला जोडपं लागतं, म्हणून लग्नं लवकर लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जवळपास निम्म्या. अकरावीच्या रजिस्टरमध्ये जूनमध्ये असलेली नावं दिवाळीनंतर हजेरीत नसत, त्यातली किती तरी नावं या आकड्यात असणार. गंगाखेडकडच्या तांड्यावरची एक मुलगी मला आठवते. एनएमएमएसची परीक्षा पास होऊन आमच्याकडे अकरावीला आली होती. ही केंद्राची योजना २००८च्या सुमारास सुरू झाली. आठवीत परीक्षा, पास झालं की नववी ते बारावी चार वर्षं शिष्यवृत्ती, आधी वर्षाला सहा हजार आणि २०१७पासून बारा हजार. पालकाचं उत्पन्न आधी दीड लाखाच्या आत लागे, आता साडेतीन लाखांच्या आत. सगळ्या देशात वर्षाला एक लाख मुलं, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. एवढ्यांतून ती निवडली गेली होती. दहावीला साठ टक्क्यांच्या वर गुणही होते, त्याशिवाय अकरावीचे पैसे पुढे चालत नाहीत. आईबाप फडावर. नूतनीकरणाला बँकेचं पासबुक लागायचं आणि पासबुक आईच्या पिशवीत, कर्नाटकात. आजीनं कोणाकडून तरी निरोप धाडला, पासबुक ट्रकवाल्याच्या हाती आलं आणि काम झालं. ती मुलगी नर्स झाली. पण ट्रकवाल्यावर अवलंबून असलेल्या शिष्यवृत्तीला योजना म्हणावं की नशीब, हा प्रश्न मला तेव्हा पडला तो आजवर सुटलेला नाही.

दुसरा सगळ्यात मोठा प्रश्न वेळेचा. जीओआयचे पैसे वर्ष संपल्यावर येत. मुलगा बारावी होऊन गेलेला, कधी शिक्षण सोडून पुण्याला कंपनीत लागलेला, आणि त्याच्या खात्यात अकरावीचा निर्वाह भत्ता पडे. आम्ही विद्यार्थ्यांची यादी ('बी स्टेटमेंट') करून समाजकल्याण खात्याला पाठवायचो, तिथून त्रुटी निघून परत यायचं, पुन्हा जायचं. खोलीभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं आणि मेसवाला उधार ठेवत नाही. ज्या घरात वर्षभराचं खर्चून मग पैसे येण्याची वाट पाहण्याची ऐपत आहे, ते घर मुळात कमी गरीब असतं.

बाहेरच्या देशांत हे कसं करतात, हे मी मुलाच्या मदतीनं वाचलं. इंग्लंडमध्ये २००४पासून सोळा ते अठरा वयाच्या गरीब घरच्या मुलांना आठवड्याला दहा, वीस किंवा तीस पौंड थेट त्यांच्या खात्यात मिळत. अट हजेरीची. आठवडा वर्गात बसलास, आठवड्याचे पैसे घे. २०११मध्ये इंग्लंडनं ती योजना बंद केली, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती चालू राहिली. मेक्सिकोत १९९७पासून आईच्या हाती दर दोन महिन्यांनी पैसे देत, आणि माध्यमिक शाळेतल्या मुलीसाठी मुलापेक्षा जास्त, कारण त्या वयात मुलीच सुटतात. रक्कम किती यापेक्षा ती कधी येते, याकडे त्या लोकांचं लक्ष होतं. आमच्याकडे मंत्रालयापासून महाविद्यालयापर्यंत मर्यादा आणि रकमेवर चर्चा झाल्या. कोणत्या महिन्यात पैसे पडणार यावर झालेली एकही बैठक मला आठवत नाही.

ऑनलाइन आल्यावर हे सुधारेल असं सगळ्यांना वाटलं, मलाही. २०१०च्या आगेमागे ई-स्कॉलरशिप आली. २०१७-१८पासून महाडीबीटी पोर्टल. पहिल्या वर्षी ते नीट चाललंच नाही आणि पुन्हा कागदी फॉर्म घ्यावे लागले. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण पोरं घरी येत. आता पैसे मधल्या कोणाच्या हातात न जाता मुलाच्या खात्यात पडतात, ही फार चांगली गोष्ट झाली. मधल्या गळत्या थांबल्या. पण दाखल्यासाठी तलाठी होता तिथे आता सेतूचा ऑपरेटर आहे, आणि ओटीपी, आधार सीडिंग, 'सेंट बॅक', 'रिडीम' या नव्या पायऱ्या आहेत. पैसे मंजूर होऊनही रिडीम करायचं असतं हे माहीत नसल्यामुळे महिनोन्महिने पडून राहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. आधार बापाच्या जनधन खात्याला जोडलेलं आणि मुलाचं खातं वेगळं, एवढ्यावरून वर्ष गेलेलंही.

स्वाधार योजनेबद्दल मात्र समाधान आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या अकरावी-बारावीच्या मुलालाही जेवण, राहणं आणि साहित्यासाठी वर्षाला चाळीस-पन्नास हजार रुपये, २०१६-१७पासून. खोलीभाड्याचं नाव घेऊन रक्कम देणारी आमच्याकडची ही पहिली मोठी योजना. सुरुवातीला ती महापालिका आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांपुरती होती, म्हणून परभणी शहरात शिकणाऱ्याला मिळे आणि जिंतूर-गंगाखेडला शिकणाऱ्याला नाही. खरं तर डोंगरातलं पोर पहिल्यांदा तालुक्याला येतं, शहरात नाही. अलीकडे ती तालुक्याच्या गावांपर्यंत आणली गेली हे योग्यच झालं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. आईबाप फडावर असताना मुलीला गावात ठेवायला भिणाऱ्या घरासाठी कुठल्याही रोख रकमेपेक्षा ही खाट मोलाची आहे.

दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राची एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या शपथपत्रांवर मुद्रांक शुल्क राज्य सरकारनं १ जुलै २००४पासून माफ केलेलं आहे. साध्या कागदावर चालतं. तरी वर्षानुवर्षं आईबापांनी शंभर रुपयांचे स्टॅम्प विकत घेतले, कारण मागणारा मागतो आणि देणाऱ्याला माफी माहीत नसते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला, तेव्हा ओरड झाली आणि २०२५मध्ये महसूल खात्याला ती माफी पुन्हा नव्यानं जाहीर करावी लागली. पाचशे रुपये म्हणजे आमच्याकडे बाईची दोन दिवसांची कापूस-वेचणी. मी आता त्या आदेशाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरी ठेवतो आणि जो येईल त्याला एक झेरॉक्स देतो. ती दाखवा म्हणतो, भांडू नका.

आमच्या तालुक्यात काही वर्षं महाराजस्व अभियानात तहसीलची माणसं शाळेतच येऊन दाखले देत. त्या वर्षांत आमच्या महाविद्यालयातले फॉर्म मुदतीत गेले. हे करायला नवा कायदा लागत नाही, फक्त तारीख धरावी लागते. गेल्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी आमच्या गावी ठराव मांडला, की ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घराचा उत्पन्नाचा दाखला, मुलांची बँक खाती आणि आधार जोडणी टोळ्या निघायच्या आत, सप्टेंबरमध्ये, तलाठ्यानं गावात बसून करून द्यावी. दहावी-बारावीच्या मुलांची यादी शाळेनं आधी द्यावी. मुकादमांनाही बोलवावं, कारण कोण कधी निघणार ते त्यांनाच माहीत असतं. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तलाठी समाजमंदिरात दोन दिवस बसले, तांड्यावरच्या बायकांनी रांग लावली आणि एका मुकादमानं स्वतः आपल्या टोळीची नावं वाचून दाखवली. यंदा शेजारच्या दोन गावांच्या ग्रामसेवकांनी त्या ठरावाची प्रत मागून नेली आहे.